कोळ्याची बाजू

पावसाळा लागला की हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. छत गळतं आणि किडे येतात. मग एखाद्या रूममधून आरडाओरडा ऐकू येतो, चारजण झाडू-चपला घेऊन धावतात आणि भिंतीवरच्या कोळ्याचा 'एन्काउंटर' होतो. ना खटला, ना साक्षीपुरावा! म्हणून आज वकीलपत्र मी घेतलंय.

आरोप पहिला : कोळी विषारी असतो. जवळजवळ सगळ्या कोळ्यांना विष असतं हे खरंच, पण ते किड्याला गार करण्यापुरतं. खोलीत दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांचे दात आपल्या कातडीत धड शिरतही नाहीत. रात्री बाथरूममध्ये दिसणारा तो मोठा, चपटा, तपकिरी कोळी पाहून भल्याभल्यांची गाळण उडते. हातात धरलात तर चावेल, दुखेलही, पण आपणहून तो तुमच्या वाटेला जात नाही. तो जाळं विणत नाही, धावून शिकार करतो, आणि झुरळं मिटक्या मारत खातो. टेबलावर उड्या मारणारा इवलासा कोळी माश्या आणि डास टिपतो. २०१७ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की जगातले सगळे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात. तेही मेसचं बिल न थकवता!

आरोप दुसरा जास्त गंभीर आहे. सकाळी उठल्यावर मानेवर किंवा डोळ्याजवळ लाल पट्टा दिसतो, आग होते, फोड येतात. रूमपार्टनरचं निदान तयार असतं, "कोळी अंगावरून गेला रे!" पावसाळ्यात या प्रकारामागे बऱ्याचदा पेडेरस नावाचा भुंगेरा असतो. नारिंगी-काळा, लांबट, मुंगीसारखा, सेंटीमीटरभर लांब. ट्यूबलाईटच्या उजेडाला तो येतो. तो चावत नाही, पण झोपेत मानेखाली चिरडला गेला की त्याच्या अंगातलं पेडेरिन कातडीला लागतं. फोड यायला दिवसभर तरी जातो. तोपर्यंत भुंगेरा गायब आणि कोपऱ्यात बसलेला कोळी आयताच सापडतो. हा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. फोड डोळ्याजवळ असतील तर सरळ डॉक्टर गाठा.

आता थोडं रेक्टर सर आणि स्टाफसाठी. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी औषध फवारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने कोळी मरतात, झुरळंही मरतात, पण झुरळाच्या अंड्यांच्या कोषाला फवाऱ्याचं फारसं काही होत नाही. काही आठवड्यांत नवी पिल्लावळ हजर, आणि तिला खाणारा मात्र कुणी उरलेला नसतो. त्याच पैशांत खिडक्यांच्या फाटक्या जाळ्या बदलल्या आणि दाराखालच्या फटी बुजवल्या तर डास, भुंगेरे आणि कोळी तिन्ही कमी होतील. किडे आत आलेच नाहीत तर कोळी तरी कशाला येईल?

आपणही थोडं करूया. धूळ बसलेली रिकामी जळमटं आठवड्याला एकदा झाडूने काढावीत. कॉटखालचे खोके आणि मागच्या सेमचे कागद आवरावेत. बिस्किटांचे पुडे उघडे ठेवू नयेत. झोपताना खिडकीजवळचा दिवा बंद करावा आणि मच्छरदाणी लावावी. एवढं करूनही कोळी नकोच असेल तर त्याच्यावर ग्लास पालथा घाला, खालून जर्नलचा पुठ्ठा सरकवा आणि व्हरांड्याबाहेर सोडून या. एक मिनिटाचं काम आहे.

बाकी ज्याला भीती वाटते त्याची टर उडवू नका. पण भीती वाटते म्हणून समोरचा दोषीच, हा न्याय इंजिनिअरांना शोभत नाही. आधी कारण शोधा, मग चप्पल उचला!