बोलता विद्यार्थी घडवू या

दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणवंतांचे सत्कार होतात, पेढे वाटले जातात आणि प्रवेशाची धावपळ सुरू होते. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील डहाणू आणि तलासरी या वनवासीबहुल तालुक्यांतील आश्रमशाळांतून आणि वसतिगृहांतूनही उत्तम गुण मिळविणारे विद्यार्थी आता बाहेर पडत आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या किंवा गुजरातच्या बंदरांत बोटीवर खलाशी म्हणून राबणाऱ्या कुटुंबांतील ही मुले आहेत. त्यांचे यश शहरातील विद्यार्थ्याच्या यशापेक्षा तसूभरही कमी नाही. परंतु गुणपत्रिकेच्या पुढची पायरी जेथे मुलाखतीची असते, तेथे यातील अनेक जण अडखळतात. टेबलापलीकडे बसलेली तीन अनोळखी माणसे "तुमच्याविषयी काही सांगा" असे म्हणतात आणि विद्यार्थी नाव, गाव सांगून थांबतो. त्याची नजर पायाच्या अंगठ्याकडे वळते. मंडळ पुढचा उमेदवार बोलावते.

महाराष्ट्रात बहुतांश महाविद्यालयीन प्रवेश गुणांवर अथवा सामाईक परीक्षेवर होतात, हे खरे. त्यामुळे मुलाखतीची तयारी हा शहरी, सुखवस्तू घरांचा विषय आहे, असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेच उदाहरण घ्यावे. बारावीच्या वयात देता येणारी तिची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते आणि त्यानंतर निवड मंडळापुढील मुलाखत व चाचण्याही ९०० गुणांच्याच असतात. म्हणजे अर्धे यश उमेदवाराच्या बोलण्या-वागण्यावर, निर्णयशक्तीवर आणि चार जणांत मिसळून काम करण्याच्या वृत्तीवर अवलंबून असते. येथे जातीनिहाय आरक्षण नाही. या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ सालापासून कार्यरत आहे. दहावीनंतरच्या तेथील प्रवेशासाठीही लेखी परीक्षेबरोबर मुलाखत द्यावी लागते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. अशा संस्थांच्या दारापर्यंत तलासरीची एखादी मुलगी पोहोचली, तर तिला लेखी परीक्षेत अडविणारे फारसे काही उरलेले नाही. अडसर आहे तो मुलाखतीच्या खोलीत.

हा अडसर अज्ञानाचा आहे काय? डहाणू-तलासरीचाच एक थोर सुपुत्र या प्रश्नाचे उत्तर देऊन गेला आहे. तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथे आयुष्य घालविलेले जिव्या सोमा मशे यांच्याविषयी असे सांगितले जाते की, बालपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणेच थांबले आणि मनातले सांगण्यासाठी ते धुळीत चित्रे रेखाटू लागले. पुढे त्यांच्या रेषांनी वारली चित्रकला जगभर नेली आणि २०११ साली राष्ट्राने त्यांना पद्मश्रीने गौरविले. न बोलणाऱ्या मुलाच्या अंतरी किती मोठे विश्व असू शकते, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा? एखाद्या मुलाखत मंडळापुढे तो मुलगा बसला असता, तर त्याच्या नावापुढे काय शेरा पडला असता, याची कल्पना करवत नाही.

या मौनाला इतिहासही आहे. एक काळ असा होता की, या भागातील वारली कुटुंबे जमीनदार-सावकारांच्या वेठीस बांधलेली होती. मालकापुढे मान वर करून बोलणे म्हणजे शिक्षा ओढवून घेणे होते. गप्प राहणे हेच शहाणपण ठरले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकविले गेले. १९४५ साली वेठीविरुद्ध जो लढा उभा राहिला, त्याचे नेतृत्व लाल बावट्याकडे होते. त्या विचारसरणीशी मतभेद कितीही तीव्र असोत, वेठ मोडली हे सत्य नाकारण्याचे कारण नाही. तसेच त्या मालकांत स्वतःला धर्मनिष्ठ म्हणविणारे आपल्याच समाजातील लोक होते, हेही नाकारून चालणार नाही. ज्या मौनाची सवय आपल्या समाजाने लावली, ते सोडविण्याचे दायित्वही आपल्या समाजाचेच आहे. हे उपकाराचे काम नसून ऋणमोचनाचे आहे.

याच परिसरात या कार्याची वाट दाखविणारी माणसे होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मूल जेथे आहे तेथून शिक्षणाचा आरंभ करावयाचा, हे त्या कुरणशाळेचे मर्म होते. तलासरीत १९६७ सालापासून माधवराव काणे यांनी वनवासी मुलांच्या वसतिगृहासाठी आपले आयुष्य वेचले. त्या वसतिगृहात वाढलेले चिंतामण वनगा वकील झाले, १९९६, १९९९ आणि २०१४ साली लोकसभेवर निवडून गेले आणि आपल्या बांधवांचे प्रश्न देशाच्या सर्वोच्च सभागृहात मांडते झाले. पाड्यावरचा मुलगा बोलता झाला की काय घडते, हे सांगण्यासाठी दुसरीकडे उदाहरण शोधावयास नको.

मात्र येथे आत्मपरीक्षणाचीही आवश्यकता आहे. सेवाकार्य चालविणाऱ्या संस्थांत शिस्त उत्तम असते, पाठांतर उत्तम असते. पाहुणे आले की मुले रांगेत उभी राहतात, खणखणीत आवाजात श्लोक म्हणतात आणि पाहुणे कौतुकाने टाळ्या वाजवितात. त्यानंतर एखाद्याने त्याच मुलाला "तुला स्वतःला काय वाटते?" असे विचारले, तर तो गुरुजींकडे पाहू लागतो. पाठ केलेले म्हणणे आणि स्वतःचे बोलणे यांत मोठे अंतर आहे. शहरातून दिवाळीचा फराळ घेऊन जाणारी मंडळीही बहुधा भाषण करून, छायाचित्र काढून परततात. मुलांनी ऐकावे अशी अपेक्षा सर्वांची असते. मुलांचे ऐकावे हे थोड्यांनाच सुचते. ज्याचे कधी कोणी ऐकून घेतले नाही, तो मुलाखतीच्या दिवशी अचानक बोलू लागेल, ही अपेक्षाच अन्याय्य आहे.

मग तयारी करावयाची ती कशी? बाजारात मिळणारी प्रश्नोत्तरांची पुस्तके पाठ करून घेणे हा मार्ग नव्हे. अनुभवी परीक्षक उसने उत्तर क्षणात ओळखतो. तयारीचा आरंभ मुलाच्या स्वतःच्या जगापासून झाला पाहिजे. भाताच्या रोपासाठी राब कसा भाजतात, लग्नाचा चौक कोण लिहिते आणि त्यात पालघट देवी का असते, कणसरीला धान्याची देवता का मानतात, तारपा कशापासून बनतो, महालक्ष्मीच्या जत्रेत गावाची व्यवस्था कोण पाहते, असे प्रश्न त्याला विचारावेत. सुटीत बोटीवर गेलेल्या मुलाला वारा आणि भरती-ओहोटी कशी ओळखतात ते सांगू द्यावे. हे सारे ज्ञान आहे, हे त्याला प्रथमच उमगेल. निवड मंडळाला हवी असलेली निरीक्षणशक्ती, धाडस आणि सहकार्याची वृत्ती या अनुभवांत ओतप्रोत भरलेली आहे. ती वृत्ती शिकविण्याची गरज नाही. तिला शब्द देण्याची गरज आहे.

हे बोलणे प्रथम त्याच्या बोलीत होऊ द्यावे, मग प्रमाण मराठीत, त्यानंतर हिंदी-इंग्रजीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे, त्यामागील तत्त्व हेच आहे. उच्चार चुकला म्हणून हसणाऱ्याला वर्गाबाहेर ठेवावे. "मला माहीत नाही" हे उत्तरही ताठ मानेने देता येते, हे आवर्जून शिकवावे. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून त्यावर दोन वाक्ये स्वतःची बोलावयाची, हा नेम आठवीपासूनच लावावा. याबरोबरच जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे वेळेत तयार ठेवली पाहिजेत. शेवटच्या आठवड्यात दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालणारा विद्यार्थी शांत चित्ताने मुलाखत देऊ शकत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे जावे लागेल. मुलगी चार दिवस परगावी मुलाखतीस जाणार, तर सोबत कोण, मुक्काम कोठे, या चिंतेने घरातूनच नकार येतो. त्या शहरातील कार्यकर्त्याच्या घराचे दार तिच्यासाठी उघडे असेल, तर तो नकार सहज गळून पडेल.

या कामासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. मुंबईहून डहाणूला थेट लोकल जाते. बँकेतून, सैन्यातून, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या कार्यकर्त्यांनी महिन्यातील दोन रविवार दिले, तरी एका वसतिगृहातील दहा-बारा मुलांना अनोळखी माणसापुढे बसून बोलण्याचा सराव होईल. मध्यमवर्गीय कुटुंबांनी सुटीत आपल्या मुलांनाही तेथे न्यावे. फराळ वाटण्यासाठी नव्हे, तर बरोबरीच्या नात्याने गप्पा मारण्यासाठी. त्यातून शहरातील मुलांचेही शिक्षण होईल. समरसता हा शब्द बौद्धिकांतून पुष्कळ ऐकला जातो. तिचा खरा अर्थ अशा गप्पांच्या बैठकीत कळतो.

हा विषय तातडीचा आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्याविषयी मच्छीमार बांधवांच्या मनातील शंका हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. परंतु बंदर, महामार्ग आणि जलदगती रेल्वे यांच्यासोबत या किनाऱ्यावर नवे अभ्यासक्रम, नवी प्रशिक्षणे आणि नव्या नेमणुका येतील. त्या प्रत्येकाच्या दारात एक मुलाखत असेल. त्या वेळी भूमिपुत्र टेबलाच्या अलीकडे बसून आपले म्हणणे मांडणार, की बाहेर मजूर म्हणून उभा राहणार, याचा निर्णय आजच्या आठवी-नववीच्या वर्गांत होत आहे.

शेवटी एक गोष्ट टेबलापलीकडे बसणाऱ्यांसाठी. प्राध्यापक, अधिकारी, व्यवस्थापक म्हणून मुलाखती घेणाऱ्यांत या पृष्ठांचे वाचकही आहेत. समोरचा विद्यार्थी थांबला, तर त्यांनी घड्याळाकडे पाहू नये. "तुमच्या पाड्यावर पहिला पाऊस पडला की काय करतात?" एवढेच विचारावे आणि क्षणभर वाट पाहावी. उत्तर येईल. ते ऐकण्याची तयारी समाजाने आजपासून करावी.