मंगळवारचे शहर

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आपल्या गाइडच्या धंद्यात नव्याने आलेल्या पोरालाही हे पहिल्या आठवड्यातच पाठ होते. तरीही छत्रपती संभाजीनगरला उतरणारी एखादी तरी पार्टी नेमके मंगळवारचेच बुकिंग घेऊन येते आणि मग स्टेशनवरच चेहरे पडतात. पाहुण्यांचे पडतात, टूर मॅनेजरचा पडतो आणि खरे सांगायचे तर गाइडचाही पडतो. 'फुल डे'च्या दरपत्रकावर पहिले नाव वेरूळचे असते. तेच खोडले तर उरले काय, अशी आपलीच समजूत असते. आमचे मत नेमके याच्या उलट आहे. हे शहर नीट दाखवायला मंगळवारसारखा वार नाही आणि मंगळवारचा कार्यक्रम बाकीच्या दिवशीही विकायला हवा.

नेहमीचा दिवस आठवून पाहा. नाश्ता उरकून पार्टी गाडीत बसेपर्यंत नऊ वाजतात. दौलताबादला पुरा किल्ला चढायला वेळ नसतो, म्हणून चांद मिनार, भारतमाता मंदिर आणि जमलेच तर मेंढा तोफ. अंधारी, म्हणजे गडातली काळोखी भुयारी वाट, लांबूनच सांगायची. तिथून घाट चढून खुलताबाद, मग वेरूळ, मग घृष्णेश्वराची रांग. श्रावणी सोमवार असेल तर त्या रांगेत दिवसाचे काय होते ते सांगायला नको. जेवण अडीच-तीनला. परतताना पैठणीचे दुकान, जे कितीही उशीर झाला तरी चुकत नाही. बीबी का मकबऱ्याला पोहोचेपर्यंत पाहुणे चपला काढायलाही कंटाळलेले असतात. सगळ्यात शेवटी, गाडी हॉटेलच्या वाटेवर असतानाच, पाणचक्कीला वीस मिनिटे. पाहुणे हौदाकाठी उभे राहून फोटो काढतात, कोणीतरी माशांना खायला टाकते, आणि 'शहर दर्शन' पार पडते.

या सगळ्यात शहर कुठे आले? दरवाजे खिडकीतून दिसले तेवढेच. हे शहर कोणी वसवले, या उजाड दगडी मुलखात का वसवले आणि लाखांची वस्ती इथे जगली कशी, या तीन प्रश्नांना दिवसभरात कुठेच जागा नसते. त्यांचे उत्तर जिथे उभे राहून देता येते, त्याच ठिकाणाला आपण उरलेली वीस मिनिटे देतो.

पाणचक्की १७४४ सालची आहे. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्यात राहणाऱ्या फकिरांसाठी आणि तिथे शिकणाऱ्या मुलांसाठी धान्य दळणारी ही चक्की. पाणी येते ते काही किलोमीटरवरच्या डोंगरातल्या झऱ्याचे, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून. एवढे आपण सगळेच सांगतो. पण पाहुण्याला भिंतीपाशी घेऊन जाणारे थोडे. ती उंच भिंत नुसती पाणी पडताना सुंदर दिसावे म्हणून बांधलेली नाही. बंद नळातून उतारावरून आलेले पाणी आपल्याच दाबाने त्या भिंतीत वर चढते आणि माथ्यावरून हौदात कोसळते. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. झऱ्याची पातळी भिंतीच्या माथ्याहून वर आहे, बस्स एवढेच. हे सांगताना हात वर करून डोंगराची दिशा दाखवा. शाळेतल्या मुलांची सहल असेल तर एखादा मुलगा लगेच विचारतो, 'मग नळाची गळती झाली तर?' या प्रश्नाने गाइडची खरी परीक्षा सुरू होते आणि खरी मजाही.

दुसरी गोष्ट पायाखाली आहे. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचे छत. जाडजूड खांबांवर तोललेल्या त्या दालनाच्या डोक्यावर सतत पाणी, म्हणून आत उन्हाळ्यातही गारवा. थकलेल्या यात्रेकरूंची ती सोय होती. एकच पाणी पडताना चक्की फिरवते, साठून हौद भरते आणि नुसते थांबून खालची खोली थंड ठेवते. मे महिन्यात दुपारी बारा वाजता पार्टीला उन्हात उभे करून मकबऱ्याचा इतिहास ऐकवण्यापेक्षा त्या वेळी पाणचक्कीवर का आणू नये, हे आम्हांला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

पाणचक्कीवरून मलिक अंबरकडे जाता येते, आणि जायलाच हवे. चक्की त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाली, पण डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणायची ही रीत इथे रुजवली त्याने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० साली त्याने खडकी गावी राजधानी वसवली आणि डोंगरातले पाणी भुयारी नहरीने शहरात खेळवले. नहर-ए-अंबरीच्या वाटेवर हवा खेळती राहावी म्हणून आणि पाण्याचा दाब आवरावा म्हणून मनोरे उभारले होते. त्यांतले काही अजून उभे आहेत, पण आपल्यापैकी किती जणांनी पार्टी तिथे थांबवली? खडकीचे त्याच्या मुलाने फतेहनगर केले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली तरी शतकानुशतके इथली वस्ती डोंगराच्या उतारावरच तगली. आज शहराला पैठणजवळच्या जायकवाडीवरून पंपाने पाणी चढवून आणावे लागते, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येते याची चर्चा स्थानिक माणूस पाहुण्याशी पहिल्या चहातच करतो. रिक्षावाल्याकडून ही तक्रार ऐकून आलेल्या पाहुण्याला नहर दाखवा. चारशे वर्षांपूर्वीचा कारभार त्याला एका क्षणात जवळचा वाटेल, तारखा फेकायची गरज पडणार नाही.

मराठी पार्टीसाठी तर अंबर आणखीच जवळचा. वेरूळचे भोसले निजामशाहीचे सरदार. मालोजीराजांची गढी वेरूळमध्येच आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी त्याच लढाईत पडले. शिवरायांच्या वडिलांची पहिली मोठी लढाई ज्या सेनानीच्या नेतृत्वाखाली झाली, त्याने वसवलेल्या शहरात आपण उभे आहोत, हे वाक्य मराठी पाहुण्यांपुढे टाकून पाहा. गाडीत मागच्या सीटवर झोपलेले काकाही उठून बसतात. अंबरची कबर खुलताबादेत आहे. आपल्या गाड्या त्याच गावात औरंगजेबाच्या कबरीपाशी थांबतात, तिथे हल्ली पाहुण्यांत हमखास वाद पेटतो, आणि गाइड घाम पुसत गाडी पुढे काढायला सांगतो. त्याच गावातल्या अंबरच्या घुमटापाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही.

तेव्हा मंगळवारचा आमचा आराखडा असा. सकाळी दरवाजा उघडताच दौलताबाद, आणि चढायचे ते पुरते. ऊन चढायच्या आत. भिल्लम यादवाचा देवगिरी, १२९६ ची अल्लाउद्दीनची स्वारी, १३२७ मधला तुघलकाचा राजधानीचा हट्ट, हे सारे येईलच, पण तिथेही धागा पाण्याचा धरता येतो. आत शिरल्यावरचा प्रचंड हत्ती हौद, कातळ तासून काढलेला खंदक, माथ्यावरची टाकी. वेढा पडला तर गड किती दिवस टिकेल हे तोफेपेक्षा टाक्यावर ठरायचे, आणि मेंढा तोफेसमोर सेल्फी काढून परतणाऱ्या पार्टीला हे कधी कळत नाही. वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. किल्लेदारी सांभाळणारे हे गृहस्थ एकनाथांचे गुरू. पैठणचा मुलगा गुरूच्या शोधात याच गडावर आला होता, हे वारकरी घरातल्या पाहुण्याला सांगितले की उरलेल्या पायऱ्या तो आपण होऊन चढतो.

अकराच्या सुमारास शहरात परत. भर दुपार पाणचक्कीच्या गारव्यात. तिथून भडकल दरवाजा, जो अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. चारच वर्षांनी मोगलांनी खडकी जाळली, हेही तिथेच सांगून टाकावे. मग जेवण, आणि ते शहरातच. हायवेवरच्या वातानुकूलित हॉलमधली पनीरची भाजी पाहुण्याला पुण्यातही मिळते. सामिष खाणाऱ्यांना नान-खलिया खाऊ घाला. शाकाहाऱ्यांसाठी गुलमंडीच्या बाजूला सोय होते.

दुपारनंतर औरंगाबाद लेणी. ही तर वेरूळच्या सावलीत इतकी झाकली गेली आहेत की शहरातल्याच लोकांनी पाहिलेली नसतात. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुषांचे जवळजवळ माणसाएवढे पुतळे आहेत. त्यांचे केस, दागिने, बसण्याची ढब निरनिराळी आहे. देवतांच्या गर्दीत माणसे पाहायला मिळणारी अशी जागा विरळा. सातव्यात अवलोकितेश्वराभोवती आठ संकटे कोरली आहेत. आग, हत्ती, साप, चोर, बुडते जहाज. व्यापाराच्या वाटेवर चालणाऱ्याला कशाकशाची भीती वाटायची याची ती यादीच आहे. लेण्यांच्या पायऱ्यांवर उभे राहिले की खाली मकबरा, त्यापलीकडे शहर, आणि लांब दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर. सकाळपासून सांगितलेला उतार इथून एका नजरेत दिसतो. नहरीची गोष्ट इथे पुन्हा सांगायची गरज नाही, नुसते बोट दाखवावे.

शेवटी मकबरा, उतरत्या उन्हात. आणि इथे आमची कळकळीची विनंती आहे की सुरुवात ताजमहालापासून करू नका. 'गरिबांचा ताज' म्हटले की पाहुणा तिथून पुढे फक्त उणेपणा मोजत राहतो. दरवाजापासून सुरू करा. त्यावर पितळेत वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. ताजच्या वास्तुविशारदांची नावे शोधायला पोथ्या चाळाव्या लागतात, इथे ती दारावरच वाचता येतात. मग भिंतीला हात लावायला सांगा (नियम सांभाळून). खाली संगमरवर, वर गुळगुळीत गिलावा, आणि दोन्ही कुठे भेटतात ते बोटाला कळते. संगमरवर गाड्यांवर लादून दूरवरून आणला जात होता, फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निएने अशा सुमारे तीनशे गाड्यांचा तांडा पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. इमारतीचा खर्च ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे असा नोंदला गेला. त्या सात आण्यांवर पार्टी हमखास हसते. हसू द्या. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या राज्यात गिलावा का वापरला गेला, ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

वेरूळचे काय, असे विचाराल. वेरूळला वेगळा दिवस द्या, आणि तोही दुपारकडे झुकलेला. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, सकाळी तिथे तोंडे सावलीत असतात आणि दुपारनंतर उजेड आत शिरतो. आपण मात्र पाहुण्यांना सकाळी घाईघाईने तिथे नेऊन काळोखात टॉर्च मारतो. चौतीस लेण्यांतली पाच नीट पाहायची तरी अर्धा दिवस जातो. शिवाय हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आलेला एखादा पाहुणा कैलासासमोर उभा राहून ठासून सांगतो की हे माणसाचे काम नव्हे. त्याच्याशी वाद घालायला वेळ लागतो, कारण वाद तोंडाने घालायचा नसतो. त्याला भिंतीजवळ नेऊन छिन्नीचे ओरखडे दाखवायचे, अर्धवट सोडलेली कामे दाखवायची, आणि राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या या देवळाचे कौतुक बडोद्याच्या ताम्रपटात कसे आले आहे ते सांगायचे. घृष्णेश्वराची रांग डोळ्यांपुढे असलेला गाइड हे करू शकत नाही. तो हसून म्हणतो, 'असेलही साहेब.' त्या 'असेलही'ने आपल्या पेशाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे कोणत्याही अॅपने केलेले नाही.

आता पैशाचे. मंगळवारच्या कार्यक्रमात दुकान बसत नाही, म्हणून ट्रॅव्हल एजंट नाक मुरडतील आणि ड्रायव्हरही कुरकुरेल. कमिशनवर घर चालते हे आम्ही नाकारत नाही. पण गाइडची दिवसाची फी चढवायची असेल तर तो जे दाखवतो ते दुसऱ्या कुठल्या गाडीतून दिसता कामा नये. वेरूळला गाइडशिवाय जाणारे हजारो आहेत, तिथल्या पाट्या वाचून त्यांचे भागते. पाणचक्कीची भिंत, नहरीचा मनोरा, भडकल दरवाजा यांना पाटीने भागत नाही. तिथे आपण लागतो. दुकान हवेच असेल तर हिमरू विणताना दाखवणारे निवडा, आणि ते दिवसाच्या मध्यात ठेवा, मकबऱ्याची वेळ खाऊन नको.

अडचणी आहेतच. नहरीच्या मनोऱ्यांपर्यंत मोठी बस जात नाही, तिथे छोटी गाडी किंवा रिक्षा लागतात. लेण्यांच्या पायऱ्या वयस्कर मंडळींना जड जातात, त्यांच्यासाठी त्या वेळात सोनेरी महालाचा पर्याय ठेवावा. आणि अख्ख्या मार्गावर बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे कुठे आहे हा प्रश्न, ज्यावर आपल्या प्रशिक्षण वर्गांत एक तासही खर्च होत नाही, दिवसाचा क्रम ठरवताना सगळ्यांत आधी सोडवावा लागतो. ज्यांनी मंगळवारी शहर दाखवले आहे त्यांनी आपला क्रम, थांबण्याच्या जागा, लागलेला वेळ आणि गाडी कुठे लावली हे पुढच्या अंकासाठी लिहून पाठवावे. विजापूर, अहमदाबाद, हैदराबाद इथल्या सहकाऱ्यांनीही आपापल्या शहराचा बंद वार आणि त्या दिवशी ते काय करतात हे कळवावे. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालेल, फक्त स्वच्छतागृहे त्यावर दाखवा.