आईचे मीठ



गेल्या पौर्णिमेला आम्ही सहकुटुंब बावड्याला आई-दादांकडे गेलो होतो. वंदना झाल्यावर आमच्या आयुष्मती घर आवरायला लागल्या. फडताळ उघडले, तर आत मिठाचे अकरा पुडे आणि काड्यापेट्यांची चवड! काही पुड्यांतल्या मिठाचा ओल लागून दगड झालेला. घरात माणसे दोन. आम्ही जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "अगं आई, दुकान दारासमोर आहे. एवढं मीठ कशाला साठवतेस?" मनात म्हटले, म्हातारपणाचा परिणाम, दुसरे काय!

आई काहीच बोलली नाही. एकेक पुडा उचलून परत फडताळात ठेवू लागली. दादा म्हणाले, "राहू दे तिचं मीठ. बहात्तर साली तिनं अळणी खाल्लंय."

बहात्तर साल म्हणजे बावड्याचा बहिष्कार. १९७२ साली इंदापूर तालुक्यातील या गावात आपल्या बौद्ध बांधवांवर सामाजिक बहिष्कार टाकण्यात आला. बावडा, परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव अशा घटनांच्या संतापातून त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे सारे आम्ही जयंतीच्या व्याख्यानांतून कितीदा तरी सांगितले. पण आमच्याच आईने ते दिवस कसे काढले, हे तिला एकदाही विचारले नव्हते.

त्या दिवशी विचारले. आई म्हणाली, "सासरी येऊन वरीस झालं नव्हतं. हातात पैसं असून दुकानात मीठ मिळंना. गिरणीत दळण घेईनात, रात्री जात्यावर दळायचं. त्यात दुष्काळ. रानात कामाला कुणी बोलवंना. उसनं मागावं तर सगळ्या वस्तीची तीच गत. मग तुझं दादा दुसऱ्याची सायकल घेऊन नीरेपल्याड अकलूजला गेलं. मीठ, काड्यापेटी, रॉकेल घेऊन आलं. त्यातलं मूठमूठ मीठ मी घरोघरी वाटलं."

आमची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली मंजूर केला, हे तिला तोंडपाठ. पण बहिष्कार सोसलेली आजी शेजारी बसली आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तिने विचारले, "आबा, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

दादा म्हणाले, "तुझ्या बापाला त्याच गावच्या शाळेत जायचं होतं. डोक्यात राग घेऊन गेला असता, तर अभ्यासात ध्यान लागलं नसतं."

आम्ही मान खाली घातली. ज्यांच्या गप्प बसण्यावर आम्ही बी.कॉम. झालो, त्यांनाच आम्ही पुड्यांचा हिशेब विचारत होतो! उठलो, समोरच्या दुकानातून मिठाचा पुडा आणला आणि आईच्या हातात दिला. आईने तो इतर पुड्यांच्या शेजारी ठेवला.

भगवंतांनी सिगालाला आईवडिलांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांतले एक म्हणजे त्यांच्या वारशाला पात्र होणे. आपल्यापैकी कितीजणांच्या आईवडिलांकडे सातबारा आहे? त्यांचा वारसा म्हणजे त्यांनी सोसलेले आणि निभावलेले दिवस. ते कुठल्या दप्तरात नोंदलेले नाहीत. ती माणसे गेली, की तेही गेले.

म्हणून विनंती एवढीच. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तासभर आईवडिलांजवळ बसा. शंभर पानी वही घ्या. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा आणि लिहिण्याचे काम नातवंडांकडे द्या. आणि त्यांची एखादी सवय खटकली, तर रागावण्याआधी ती कधीपासून लागली, हे विचारा. आमच्या घरी वहीचे पहिले पान लिहून झाले आहे.

जयभीम!