परसबाग : बडीशेपेचा गड्डा

जेवणानंतर हातावर घ्यायची बडीशेप आपल्या ओळखीचीच आहे. तिची एक बहीण मात्र दाण्यांसाठी नव्हे, बुंध्यासाठी लावतात. इटलीत ती फार लाडकी. जमिनीलगत पानांचे देठ फुगून एकमेकांवर बसतात आणि मुठीएवढा पांढरा गड्डा तयार होतो. दिसायला कांदा, चवीला गोडसर बडीशेप!

भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, क्वार्टरपुढच्या चार हात जागेत हा गड्डा येईल का? येईल, पण वेळ चुकता कामा नये. उन्हाचा नि तहानेचा धाक बसला, की हे झाड गड्डा भरायचे सोडून बी धरायच्या घाईला लागते. कांद्याला डेंगळे येतात, तसा मधून दांडा निघतो आणि गड्डा चिवट होतो. या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. झळा तर फाल्गुनातच लागतात. गड्डा भरायला हवेत ८० ते १०० दिवस. म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात पेराल, तर माघात काढाल. तेव्हा भगिनींनो, फराळाचे डबे भरून झाले की वाफा करायला घ्याच!

मुखवासाच्या डब्यातले बी मात्र पेरू नका. त्याला असा गड्डा धरत नाही. गड्ड्याच्या जातीचेच बी मागून घ्या. तापीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. म्हणून कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळून वाफा उंच करा. बी अर्धा इंच खोल, जागच्या जागीच पेरावे. रोप उपटून दुसरीकडे लावलेले त्याला मानवत नाही. उगवल्यावर विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. ओल मोडू देऊ नका, पण चिखलही नको. बुंधा लिंबाएवढा झाला, की त्याला माती चढवा. गड्डा पांढरा नि कोवळा राहतो. मावा दिसला, तर पाण्याच्या धारेने धुऊन काढा.

मुठीएवढा होताच गड्डा जमिनीलगत कापा. आणखी मोठा होईल म्हणून थांबाल, तर दांडा निघेल! पातळ चकत्यांवर लिंबू, मीठ नि दाण्याचे कूट घातले, की कोशिंबीर तयार. पाने बारीक चिरून वरणावर घाला.

एखाद्या रोपाने दांडा काढलाच, तर ते उपटू नका. पिवळी फुले येऊन दाणे धरतील. गड्डा गेला, तरी मुखवास घरचा!