वरचा ब्लॉक कुणासाठी?

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमधले बंगलेवाले हल्ली आपल्याकडे येतात ते बहुधा एकच मागणं घेऊन: ‘वर एक स्वतंत्र ब्लॉक काढून द्या.’ एफएसआय शिल्लक आहे, आई-वडील थकलेत, मुलगा कधीतरी परदेशातून परत येईल, तोवर भाडं येईल. एका दमात तिघांसाठी एकच घर मागितलं जातं आणि आपण लगेच मोजमापं घ्यायला टेप काढतो.

आधी राहणारा ठरवून घ्यायला हवा. आई-वडिलांसाठी म्हणून वरचा मजला बांधणं मला तरी पटत नाही. मजल्याची उंची 3 मीटर धरली आणि राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे पायरी 190 मिलिमीटरच्या आत ठेवली, तरी 16 पायऱ्या होतातच. त्यांच्यासाठी तळमजल्यावरची एक खोली, 900 मिलिमीटरचं दार आणि उंबरा नसलेली न्हाणी पुरते. वर जावं मुलगा-सुनेनं. मग तिथे वेगळा ओटा हवा की नको? हे सुनेला एकटीला विचारावं. सासऱ्यांसमोर मिळालेल्या उत्तरावर नकाशा काढू नये. ओटा आला की पाणी, गॅस, मोरी, पुढे वेगळा मीटर, सगळंच पाठोपाठ येतं.

मागच्या आवारात आउटहाउस काढायचं असेल, तर पहिल्या भेटीत चेंबरची झाकणं उघडा. चार इंची ड्रेनेज लाइनला साधारण 40 ला 1 उतार लागतो. मागून रस्त्यापर्यंत 15 मीटर अंतर असेल, तर साडेसदतीस सेंटिमीटर उतार हवा. समोरचा चेंबर उथळ निघाला तर मागचं जोतं उचलावं लागतं, आणि ज्या आजोबांसाठी ते घर, त्यांच्या दारात तीन पायऱ्या येतात. तसंच वरच्या मजल्याचं. जुना बंगला लोड-बेअरिंग आहे की कॉलमचा, हे गिलाव्यावरून कळत नाही. फुटिंगपाशी खड्डा घेऊन पाहावं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला तिथेच बोलवावं. साइड मार्जिनमध्ये लोखंडी गोल जिना बसवून वेळ मारून नेणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

राहिला भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करार लेखी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे सांगणं वकिलाचं काम, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण एकाच दिंडी दरवाजातून मालकीणबाई आणि भाडेकरू रात्री अकराला ये-जा करणार का, टाकीचा व्हॉल्व्ह कुणाच्या बाल्कनीत येणार, गाडी कुठे लागणार, हे आपल्याच नकाशावर ठरतं. यांतल्या दोन प्रश्नांनाही मालकाकडे उत्तर नसेल, तर वरचा ब्लॉक तूर्त राहू द्या म्हणावं, आणि त्या भेटीची फी मात्र जरूर घ्यावी.