जागा वाढल्या, शिकवणार कोण?

वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि अभियंता होण्याचे स्वप्न तालुक्यापर्यंत पोहोचले. आज त्याच वाटेवरच्या छोट्या महाविद्यालयांची कोंडी झाली आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखानिहाय २४० जागांची कमाल मर्यादा २०२४-२५ पासून उठवली. शहरांतील नामांकित महाविद्यालयांना संगणक शाखेच्या तुकड्या वाढवण्यास मोकळीक मिळाली. साहजिकच गुणवान विद्यार्थ्यांचा ओढा तिकडे वाढला आणि उरलेल्यांसाठी गावाजवळचे महाविद्यालय राहिले. पालकांनी काढलेले शैक्षणिक कर्ज मात्र दोन्हीकडे फेडावेच लागते.

खरा प्रश्न अध्यापकांचा आहे. परिषदेने २०१८ मध्ये अध्यापक-विद्यार्थी प्रमाण एकास पंधरावरून एकास वीस केले. साठ जागांच्या शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात. त्यांना पूर्वी सोळा अध्यापक लागत, आता बारा पुरतात. तेही मिळणे अवघड. उत्तम प्रोग्रॅम लिहिणारा तरुण कंपनी सोडून तुटपुंज्या वेतनावर शिकवायला कशाला येईल? परिणामी प्रात्यक्षिकाची वही नकलून पूर्ण होते आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणला जातो.

एवढ्यावर नोकरी मिळण्याचे दिवस सरत आले आहेत. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. ती कपात मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतली होती हे खरे. परंतु साचेबद्ध कोड कृत्रिम बुद्धिमत्ता लिहू लागल्याने नवख्यांकडूनही अधिक अपेक्षिले जाणार, हे उघड आहे. गरज समजून घेणे, आराखडा करणे, चाचणी घेणे आणि चूक शोधणे हे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे मर्म आहे.

ते शिकवण्यास छोटे महाविद्यालय अपात्र नाही. वर्ग लहान असतो, अध्यापक विद्यार्थ्याला नावाने ओळखतो. आयआयटींची एनपीटीईएल व्याख्याने विनाशुल्क ऐकता येतात. शेजारच्या दूध संघाचा किंवा बाजार समितीचा हिशेब हाच खरा प्रकल्प होऊ शकतो; तिथे ग्राहक समोर बसलेला असतो आणि चूक लगेच दिसते. मात्र त्यासाठी जाणता मार्गदर्शक हवा. जागा मोजणाऱ्या धोरणाने आता अध्यापकांची संख्या आणि त्यांचे वेतनही तितक्याच काटेकोरपणे मोजावे. अन्यथा पदवी तालुक्यापर्यंत पोहोचेल, विद्या नव्हे.