आरोग्यविचार : अपुऱ्या दिवसांचें मूल आणि नीलेंतील नळी

हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर या मार्गानें येणारा रस्ता आणि हदगांवकडील रस्ता वारंगा फाट्यावर एकमेकांस मिळतात व तेथून एकच वाट नांदेडकडे जाते. त्या भागांत अपुऱ्या दिवसांचें मूल जन्मास आलें व त्यास नांदेडच्या मोठ्या रुग्णालयांत न्यावें लागलें, तर गाडी या फाट्यावरूनच जाते. तेथें पोंचल्यावर डॉक्टरांनीं मुलाच्या मोठ्या नीलेंत, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनींत, नळी घालण्यास संमति मागितली म्हणजे सुज्ञ पित्याचाहि हात थरथरतो. म्हणून या नळीचे गुणदोष घरीं आधींच शांतपणें समजून घेतलेले बरे, असें आम्हांस वाटतें.

३२ आठवड्यांच्या आधीं जन्मलेल्या मुलास चोखणें, गिळणें व श्वास घेणें यांचा मेळ घालतां येत नाहीं. त्याचीं आंतडींहि कोंवळीं असतात. पुरेसें दूध पचूं लागेपर्यंत साखर, प्रथिनें व स्निग्ध द्रव्यें रक्तांतूनच द्यावीं लागतात. हा द्रव तीव्र असल्यामुळें हातापायांच्या बारीक नीला त्यानें सुजतात. म्हणून नाळेच्या नीलेंतून, अथवा हातापायांतून सुतासारखी नळी सरकवून, तिचें टोंक हृदयाजवळच्या मोठ्या नीलेंत ठेवितात. तेथील जोरदार प्रवाहांत द्रव तत्काळ पातळ होतो.

परंतु जी वाट अन्नाची, तीच जंतूंची. नळीच्या तोंडास अस्वच्छ हात लागला, तर जंतु थेट रक्तांत उतरतात. मूल मलूल होतें, मध्येंच श्वास थांबतो. कधीं नळीभोंवतीं रक्त गोठतें, कधीं द्रव त्वचेखालीं पाझरतो. नाळेंतील नळी यकृताकडे वळली, तर त्यास इजा पोंचते. सर्वांत भयंकर, पण विरळा, प्रकार म्हणजे टोंक हृदयांत शिरून द्रव हृदयाच्या आवरणांत सांचणें. तो त्वरित काढला तर मूल वांचतें, एरव्हीं दगावतें. अशा चार मृत्यूंची चौकशी झाल्यावर ब्रिटनच्या आरोग्यखात्यानें २००१ सालीं टोंक हृदयाबाहेर ठेवण्याची सूचना केली. क्ष-किरणचित्र काढून टोंकाची जागा पाहतात, ती याचसाठीं.

मग नळी नाकारावी काय? मुळींच नाहीं, तिच्याविना असें मूल उपाशीं राहील. मात्र आप्तांनीं डॉक्टरांस दोन प्रश्न नम्रपणें विचारीत जावे: टोंक जागेवर आहे ना? आणि नळीची गरज अद्यापि आहे काय? नळी जितके दिवस अधिक, तितकी बाधेची भीति अधिक. आजी-आत्यांनीं अंगठ्या काढून, कोंपरापर्यंत हात धुतल्यावांचून मुलास स्पर्श करूं नये. अंगारा लावण्याचा आणि मध चाटविण्याचा मोहहि आवरावा.

नळी लवकर काढण्याचा राजमार्ग आईचें दूध हा होय. तें थेंबाथेंबानें वाढवीत गेलें, कीं नीलेंतून द्यावयाचें अन्न त्या मानानें घटतें. शिवाय जंतूंपासून रक्षणहि होतें. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी काढली. आशियांतील पहिली म्हणून ती ओळखली जाते. प्रारंभीं दूध थोडें आलें, तरी बाळंतिणीनें तें दर दोन-तीन तासांनीं काढीत राहावें, आणि घरच्यांनीं "हिला दूधच नाहीं" असें म्हणून तिला खचवूं नये. संमतिपत्रावर सही कोणाचीहि असो, नळी निघण्याचा दिवस जवळ आणणें पुष्कळ अंशीं तिच्याच हातीं असतें.